खोल समुद्रातला परजीवी आयसोपॉड नवा आहे हे कसं ठरवायचं, आणि मग त्याला नाव कसं द्यायचं

आमच्या प्रयोगशाळेतल्या लाकडी रॅकवर दोन कुप्या शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. एकीवर पेन्सिलनं ‘प्रजाती अ’ लिहिलंय, दुसरीवर ‘प्रजाती ब’. दोन्हींत आयसोपॉड, म्हणजे बऱ्याच पायांचे कवचधारी प्राणी, आहेत; दोन्ही एकाच माशाच्या कल्ल्यांतून निघाले होते. ‘अ’ रुंद, पांढुरका, जवळजवळ दोन सेंटिमीटरचा. ‘ब’ त्याच्या अर्धाही नाही. सडपातळ, डोळे मोठे आणि काळेभोर. इतके वेगळे दिसत होते की मी दोघांची स्वतंत्र चित्रं काढली, स्वतंत्र वर्णनं लिहायला घेतली. त्यात आठ महिने गेले. मग लक्षात आलं की ‘अ’ ही मादी आहे आणि ‘ब’ त्याच प्रजातीचा नर. लेबलं मी बदललेली नाहीत. नवा विद्यार्थी कामाला लागला की आधी त्या दोन कुप्या त्याच्या हातात देतो.

या क्षेत्रात नवीन काहीतरी सापडणं फारसं अवघड नाही. आपल्या खोल समुद्रातल्या माशांचे आणि कोळंब्यांचे परजीवी अजून पुरते तपासलेलेच नाहीत. अवघड आहे ते समोरचा प्राणी जुन्या कुठल्याही नावात बसत नाही हे दाखवणं. खालचं सगळं लिहिलंय ते नाशिकसारख्या, समुद्र नसलेल्या गावात बसून हे काम करू पाहणाऱ्या एम.एस्सी., पीएच.डी.च्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी. शब्दांबद्दल एक खुलासा करतो: जुन्या मराठी पुस्तकांत ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ हे शब्द वेगळ्या अर्थानं येतात. इथे ‘प्रजाती’ म्हणजे सर्वांत खालची पायरी, तिच्यावर ‘वंश’, आणि त्याच्यावर ‘कुल’.

आधी घरच्या अंगणात

कुंडी उचलली की खाली राखाडी, बऱ्याच पायांचे, हात लावताच अंग आकसून घेणारे किडे दिसतात ना, ते आयसोपॉडच. द्राक्षबागेत शेणखताच्या ढिगाखाली हवे तेवढे मिळतात. एक पकडा, उताणा करा, भिंगाखाली पाय मोजा: सात जोड्या. धडाचे सात खंड, मागे पोटाचे पाच, शेवटी शेपटीची ढाल आणि तिच्या दोन्ही बाजूंना वल्ह्यासारखी उपांगं. ती म्हणजे युरोपॉड. समुद्रातल्या भावंडांची बांधणी हीच असते. आयसोपॉडच्या दहा हजारांहून जास्त प्रजातींना आजवर नावं मिळाली आहेत. निदान दहा किड्यांची चित्रं काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग बांगडा. मुंबईहून बर्फात आलेला बांगडा नाशकात रोज मिळतो आणि त्याच्या कल्ल्यांत नोरिलेका इंडिका नावाचा परजीवी अधूनमधून सापडतो. पहिल्यांदा मी मासेवालीला म्हणालो, “मावशी, किडा असलेला बांगडा आला तर बाजूला ठेवाल का?” मावशी भडकल्या. “माझ्या मालात किडा नाही, सर.” त्यांचं बरोबर होतं, गिऱ्हाइकांसमोर असं विचारायचं नसतं. आता मी फक्त कापलेली डोकी मागतो. डोकी त्या तशाही टाकूनच देतात.

कल्ल्याचं झाकण कात्रीनं उचलून कापा. परजीवी लाल पाकळ्यांवर पाठ बाहेर करून चिकटलेला असतो, पायांची आकडी रुतलेली. ओढू नका, पाय तुटतात. बोथट चिमट्यानं एकेक आकडी सोडवा. नोरिलेकाचं अंग एका बाजूला चांगलंच वाकलेलं दिसेल, कारण तो कल्ल्याच्या चिंचोळ्या जागेत वाढतो. डाव्या कल्ल्यातला एका बाजूला झुकतो, उजव्यातला दुसऱ्या. हा वाक म्हणजे वेगळ्या प्रजातीची खूण नव्हे, राहत्या जागेचा परिणाम आहे. हे बांगड्यावर शिकलात तर खोल समुद्रातल्या नमुन्यावर फसणार नाही.

कोणता परजीवी, कुठे राहतो

सिमोथोइडी कुलातले आयसोपॉड माशांवर राहतात: कातडीवर, तोंडात किंवा कल्ल्यांत. माशाची जीभ नष्ट करून तिच्या जागी बसणारा सिमोथोआ एक्झिग्वा याच कुलातला. यातला प्रत्येक प्राणी आधी नर असतो आणि पुढे मादी होतो. ही एक गोष्ट पक्की लक्षात असती तर माझे आठ महिने वाचले असते. बोपायरिडी कुलातले कोळंबी, खेकडे अशा कवचधाऱ्यांवर जगतात. नॅथियिडी कुलात फक्त पिल्लं माशाचं रक्त पितात, मोठे झाल्यावर खाणंच बंद होतं. एजिडी कुलातले माशावर येतात, पोट भरलं की सोडून जातात. लोक हमखास विचारतात तो महाकाय बॅथिनोमस परजीवी नाही. मेलेलं खाऊन जगणारा आहे. त्याचं पहिलं वर्णन १८७९ साली झालं.

कोळंबीवरच्या बोपायरिडबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण मला ते फार प्रिय आहेत. याचं पिल्लू आधी कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधाऱ्याला चिकटतं, तिथे रूप बदलतं, मग कोळंबी शोधतं. कोळंबीवर जो पहिला पोचतो तो मादी होतो, नंतर येणारा नर. कोळंबीच्या एका गालावर सूज दिसली की चिमट्यानं कवचाची कड हळूच उचला. आत चुरगळलेल्या पानासारखी, डावी-उजवी बाजू न जुळणारी मादी असते आणि तिच्या पोटाखाली अंड्यांचा झुबका. आता भिंग जवळ न्या. तिच्या मागच्या भागाच्या पाकळ्यांत जिऱ्याएवढा एक सरळ, नीटस प्राणी धरून बसलेला दिसेल. तो नर. बरेच जण तो धुताना घालवतात. तो गेला तर वर्णन अपुरं राहतं.

नमुने गोळा करताना

२०० मीटरपेक्षा खोल पाणी म्हणजे खोल समुद्र. स्वतः तिथे जायला संशोधन जहाज लागतं. कोचीच्या सागरी सजीव संपदा केंद्राचं ‘सागर संपदा’ हे जहाज अशा मोहिमा करतं, पण तिथे जागा मिळणं आपल्या हातात नसतं. हातात आहे ते केरळातलं कोल्लम. नाशिक रोडवरून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेसनं एर्नाकुलम, तिथून पुढे कोल्लम. शक्तिकुलंगरा आणि नींडकरा बंदरांत खोल पाण्यातली लालभडक कोळंबी ट्रॉलरमधून ढिगांनी उतरते. तिच्यात हेटेरोकार्पस, प्लेसिओनिका आणि अॅरिस्टिअस असतात, सोबत खोल पाण्यातले मासेही. केरळात ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत ५२ दिवस ट्रॉलिंगबंदी असते, म्हणून उन्हाळी सुट्टीच्या शेवटी जायचा बेत करू नका. दिवाळीनंतर जा.

बंदरात पहाटे पोचा. ‘चेट्टा’ (मल्याळममध्ये दादा) म्हणून आदरानं बोला, काम काय आहे ते सांगा, माशांचे पैसे द्या. प्रत्येक यजमान, म्हणजे ज्याच्यावर परजीवी राहतो तो मासा किंवा कोळंबी, वेगळ्या पिशवीत घाला. एकाच पिशवीत दहा मासे घातले की परजीवी सुटून तळाशी जमतात आणि कोण कुणाचा ते कायमचं हरवतं. पिशवीत चिठ्ठी टाका: तारीख, बंदर, बोटीचं नाव, जाळ्याचा प्रकार, तांडेलानं सांगितलेली खोली आणि जागा. खोली त्याच्या सांगण्यावरून लिहिली असेल तर तसं स्पष्ट नोंदवा. परजीवी शरीरावर कुठे होता, डावीकडे की उजवीकडे, हेही लगेच लिहा.

रंगाचा फोटो तिथेच काढा. अल्कोहोलमध्ये रंग थोड्याच दिवसांत उडतो. बाजूला मोजपट्टी ठेवा. यजमानाचाही पूर्ण फोटो घ्या, कारण यजमानाची ओळख चुकली तर पुढचं सगळं चुकतं. शार्क आणि पाकटांच्या काही प्रजाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्या बाजारात दिसल्या तरी घेऊ नका.

परतीच्या प्रवासाचा प्रश्न नाशिककरांचा खास आहे. रेल्वेत अल्कोहोलच्या बाटल्या नेता येत नाहीत, ज्वालाग्राही द्रव नेणं गुन्हा आहे. म्हणून आम्ही यजमान माशांसकट सगळं थर्मोकोलच्या पेटीत बर्फात घालून आणतो, वाटेत एर्नाकुलमला बर्फ बदलतो आणि नाशकात पोचल्या पोचल्या, आंघोळीच्याही आधी, परजीवी काढून अल्कोहोलमध्ये टाकतो. डीएनए काढायचा तो नमुना ९५ टक्के इथेनॉलमध्ये, बाकीचे ७० टक्क्यांत. दुसऱ्या दिवशी द्रव बदला, कारण प्राण्याच्या अंगातलं पाणी उतरून तो पातळ झालेला असतो. फॉर्मालिन टाळा, त्यानं डीएनए खराब होतो. शुद्ध अल्कोहोल घ्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो कॉलेजच्या नावानं काढायचा असतो, त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज कोल्लमला जायच्या कितीतरी आधी करा.

लेबल कुपीच्या आत हवं, चांगल्या जाड कागदावर, पेन्सिलनं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. बाहेरचं चिकटवलेलं लेबल तर कधीतरी गळूनच पडतं.

भिंगाखाली

पहिले चार-पाच दिवस फक्त बघा. वरून, बाजूनं, खालून. डोक्याची पुढची कड कशी आहे, डोळे किती मोठे, धडाचा पहिला खंड डोक्याला कितपत कवेत घेतो, पोटाचा भाग धडापेक्षा किती अरुंद, शेपटीची ढाल लांबीपेक्षा रुंद की उलट, युरोपॉड तिच्या टोकापर्यंत पोचतात का. सगळं वहीत लिहा, मोजमापांसह. सिमोथोइडमध्ये सातवी पायाची जोडी नसली तर तुम्ही पिल्लू बघताय, त्यावरून काहीही ठरवू नका. पोटाखाली पानांसारख्या पट्ट्यांची पिशवी असेल तर ती प्रौढ मादी. सिमोथोइडमध्ये नराच्या दुसऱ्या प्लिओपॉडवर (पोटाखालच्या पोहण्याच्या पायावर) एक बारीक दांडी असते. नराचं मादीत रूपांतर होत असताना तिचे अवशेष उरलेले दिसतात. असा अर्धामुर्धा नमुना मिळाला तर तो फेकू नका. ‘अ’ आणि ‘ब’ एकच आहेत हे मला अशाच एका नमुन्यानं दाखवलं.

किती नमुने हवेत? नियमांनुसार एकही पुरतो. माझं मत मात्र असं आहे की परजीवी सिमोथोइडमध्ये नर, तरुण मादी आणि अंडी असलेली मादी यांतलं निदान दोन अवस्थांचं हाताशी असल्याशिवाय लिहायला बसू नये. वय, लिंग आणि राहती जागा तिन्ही मिळून या प्राण्यांचं रूप बदलतात. या गटात एकाच प्राण्याला दोन-तीन नावं मिळून पुढे ती रद्द झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

आता सुट्टे भाग. मुख्य नमुना शक्यतो अखंड ठेवायचा, चिरफाड दुसऱ्या नमुन्याची करायची. एकच असेल तर फक्त एका बाजूची उपांगं काढा, दुसरी बाजू तशीच राहू द्या. बारीक सुया आणि टोकदार चिमटा घेऊन मागून पुढे या: आधी प्लिओपॉड, मग पाय, शेवटी तोंडाचे भाग. तोंडाचे भाग काढणं हे खरं कसबाचं काम. मॅक्सिलिपेड, म्हणजे तोंडाशी असलेला पायासारखा भाग, सर्वांत बाहेर असतो, तो मुळाशी सुई घालून सोडवायचा. त्याच्या शेवटच्या खंडावर वाकडे आकडे असतात, कधी दोन, कधी सात. हे आकडे मोजायचेच, कारण कितीतरी वेळा शेजारच्या दोन प्रजाती त्यांच्यावरूनच वेगळ्या होतात. भाग ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा, लिग्निन पिंकनं हलका रंग द्या म्हणजे पारदर्शक कडा दिसू लागतात. कव्हरस्लिपच्या कोपऱ्यांखाली मेणाचे कण ठेवले तर भाग चिरडत नाही आणि काच किंचित सरकवून तो फिरवताही येतो.

चित्रं हाताची हवीत. फोटो चांगला असला तरी तो सगळं सारख्याच वजनानं दाखवतो. रेषेचं चित्र काय महत्त्वाचं ते दाखवतं. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा (नमुना कागदावर गिरवता यावा म्हणून जोडायचं साधन) असेल तर उत्तम, नसेल तर फोटो खाली ठेवून संगणकावर टॅबलेटनं रेषा ओढा, पण प्रत्येक केस खऱ्या नमुन्यावर पुन्हा तपासा. प्रत्येक चित्राला स्केलबार. एका प्रजातीच्या चित्रांना आमच्याकडे साधारण दोन महिने लागतात.

जुनी नावं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. जगातल्या आयसोपॉडची यादी ‘वर्म्स’ या सागरी प्रजातींच्या नोंदवहीत फुकट बघायला मिळते. तुमचा वंश उघडा, त्याखालची सर्व नावं कागदावर उतरवा आणि प्रत्येकाचं मूळ वर्णन मिळवा. श्योड्टे आणि माइनर्ट यांनी १८७९ ते १८८४ दरम्यान सिमोथोइडांवर लिहिलेली मोठी लॅटिन वर्णनं ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’त विनामूल्य आहेत. लॅटिनला घाबरू नका, शब्द तेच तेच असतात आणि सोबतचे चित्रफलक अप्रतिम आहेत. मग एक तक्ता करा: उभ्या ओळींत प्रजाती, आडव्या ओळींत लक्षणं. तुमच्या नमुन्याशी सर्वांत जवळच्या तीन-चार प्रजाती आपोआप वर येतील. जुनं वर्णन चार ओळींचं आणि चित्राविना असेल तर मूळ नमुना ज्या संग्रहालयात आहे तिथे पत्र लिहा. विनंती नेमकी असली तर अभिरक्षक फोटो पाठवतात. ‘सातव्या पायाच्या तळखंडाचा बाजूनं फोटो’ असं मागा.

डीएनए सोबत जोडा, त्याच्यावर विसंबू नका. सीओआय जनुकाचा सुमारे ६५० बेसजोड्यांचा तुकडा एका पायाच्या स्नायूतून मिळतो. यजमानाचं रक्त पोटात असतं, म्हणून पोटाचा भाग वापरू नका, नाहीतर अनुक्रम माशाचाच येईल. जेनबँकेत (डीएनए अनुक्रमांच्या खुल्या संग्रहात) तुलनेला अनुक्रम नसणं म्हणजे प्रजाती नवी असणं नव्हे. आयसोपॉडच्या कितीतरी प्रजातींचा डीएनए अजून कुणी वाचलेलाच नाही.

नाव आणि कायदा

प्राण्यांची नावं आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार चालतात. चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्या कलम १६ नुसार १९९९ नंतरच्या प्रत्येक नव्या प्रजातीसाठी तीन गोष्टी लेखात स्पष्ट हव्यात: हे नाव नवं आहे असा उल्लेख, होलोटाइप म्हणजे नाव ज्याला कायमचं बांधलं जातं तो नमुना, आणि तो कोणत्या संग्रहात आहे ते. नुसत्या ऑनलाइन नियतकालिकात छापणार असाल तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार लेखाची झूबँकेत (प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) आधी नोंदणी हवी आणि त्या नोंदणीचा पुरावा लेखातच हवा.

होलोटाइप स्वतःच्या कपाटात ठेवायचा नाही. जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती अधिकृत संग्रहाला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था हा असा संग्रह आहे; तिचं पुण्यातलं पश्चिम विभागीय केंद्र आपल्याला जवळ पडतं. परदेशी तज्ज्ञाला नमुना पाठवायची वेळ आली तर आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम वाचा. बहुतेक वेळा चित्रं आणि फोटो पुरतात.

नाव ठेवताना मुलांना पहिला मोह होतो ‘नाशिकेन्सिस’चा. तो मलाही झाला होता. पण प्राणी कोल्लमचा, नाशकात फक्त त्याचं वर्णन झालेलं. पुढच्या अभ्यासकाला त्या नावावरून चुकीचा पत्ता मिळेल. यजमानाचं नावही टाळा, उद्या तोच परजीवी दुसऱ्या माशावर सापडतो. दिसणारं लक्षण, खरी जागा किंवा ज्यांचं ऋण आहे अशी व्यक्ती, यांतून निवडा. पुरुषाच्या नावाला शेवटी ‘आय’, स्त्रीच्या नावाला ‘एई’ ही अक्षरं लागतात आणि विशेषण असेल तर ते वंशाच्या लिंगाप्रमाणे चालतं: एल्थुसा स्त्रीलिंगी, म्हणून ‘स्प्लेंडिडा’. कोल्लमजवळच्या खोल पाण्यातल्या माशाच्या कल्ल्यात केरळच्या अभ्यासकांना सापडलेल्या परजीवीला त्यांनी ‘ब्रूसेथोआ इस्रो’ म्हटलं. त्यात वंशाचं नाव आयसोपॉडचे थोर अभ्यासक नील ब्रूस यांच्यावरून आहे आणि प्रजातीचं आपल्या अंतराळ संस्थेवरून. आणि लीच या इंग्रज अभ्यासकानं १८१८ साली दिलेली नावं बघा: सिरोलाना, नेरोसिला, अॅनिलोक्रा, रोसिनेला. सगळी ‘कॅरोलिना’ किंवा ‘कॅरोलिन’ या एकाच नावाची अक्षरं उलटसुलट करून बनवलेली आहेत. सिमोथोइडांचा अभ्यास करणारा प्रत्येक जण दोनशे वर्षं ते नाव नकळत उच्चारत आलाय.

लेख लिहिताना भाषा टेलिग्रामच्या तारेसारखी असते, क्रियापदांशिवाय. आधी थोडक्यात ओळखलक्षणं, मग सविस्तर वर्णन, मोजमापं, रंग, यजमान, नावाची व्युत्पत्ती आणि शेवटी तुलना. तुलना हाच लेखाचा जीव, परीक्षक तीच आधी वाचतात. तिथे ‘वेगळी दिसते’ असं लिहू नका. अमुक प्रजातीत आकडे चार आणि इथे सात, तिथे युरोपॉड ढालीपेक्षा आखूड आणि इथे लांब, असं लिहा. लवकर छापून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या अनोळखी नियतकालिकांना देऊ नका. झूटॅक्सा, झूकीज, सिस्टेमॅटिक पॅरासिटॉलॉजी अशी या विषयाची नियतकालिकं आहेत, तिथे वाट बघावी लागते. आणि लेख छापून येईपर्यंत नाव कुणालाही सांगू नका: वर्तमानपत्राला नाही, कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपलाही नाही. वर्णनासह ते दुसरीकडे छापून आलं तर नावाचा अधिकार आणि तारीख यांचा घोळ कायमचा होऊन बसतो.

छापून आल्यावर जेनबँकेतला अनुक्रम खुला करा, तिथलं तात्पुरतं नाव बदला, कुप्यांतल्या लेबलांवर नवं नाव आणि संग्रहाचा नोंदणी क्रमांक घाला. जुनं लेबल काढून टाकू नका, नवं त्याच्या शेजारी ठेवा. ज्या बोटीवरचा मासा होता तिच्या तांडेलाला चित्रफलकाची एक छापील प्रत पाठवा, आम्ही पाठवली ती त्यांनी बोटीच्या सुकाणूच्या खोलीत लावली. तुमच्याकडे उरलेल्या पॅराटाइपच्या (होलोटाइपसोबत वर्णनात नोंदवलेल्या बाकीच्या नमुन्यांच्या) कुप्या फेब्रुवारीअखेर तपासा. नाशिकचा कोरडा उन्हाळा झाकणातून अल्कोहोल ओढून घेतो आणि मे महिन्यात उघडलेल्या कुपीत वाळलेलं साल तेवढं हाती लागतं.